स्वतःचा सीए चालवताय? मग सर्टिफिकेटचे सिरीयल नंबर नीट सांभाळा



लोकलमध्ये फोन चोरीला गेला की आपण काय करतो? सिम बंद करतो, बँकेला कळवतो, पोलिसांत तक्रार देतो आणि सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर जाऊन हँडसेट ब्लॉक करतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो, "नंबर काय?" मोबाइल नंबर, खाते नंबर, आयएमईआय नंबर. नंबर नसेल तर समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही.

आता दुसरी गंमत बघा. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना तपासात एकाच आयएमईआय नंबरवर १३ हजारांहून जास्त फोन चालू असल्याचं आढळलं. अशा वेळी चोरीचा एक फोन ब्लॉक करायचा तर करणार कसा? नंबर आहे, पण तो एकट्याचा नाही. म्हणजे तो असून नसल्यासारखाच.

डिजिटल सर्टिफिकेटचं अगदी असंच आहे. प्रत्येक सर्टिफिकेटवर एक सिरीयल नंबर असतो. सगळं सुरळीत चालू असताना त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण सर्टिफिकेट रद्द करायची वेळ आली की सगळा खेळ त्या नंबरवरच चालतो. आजच्या लेखात आपण हा नंबर काय असतो, तो कसा द्यायचा, कुठे लिहून ठेवायचा आणि लोक कुठे चुकतात हे बघणार आहोत. त्यात मी स्वतः नालासोपाऱ्यात केलेली एक चूकही आहे.

आधी थोडी उजळणी

ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडली की ती साइट तुमच्या फोनला एक सर्टिफिकेट दाखवते. त्यात साइटचं नाव, तिची पब्लिक की, मुदत, सर्टिफिकेट देणाऱ्याचं नाव आणि देणाऱ्याची डिजिटल सही असते. हा देणारा म्हणजे सर्टिफिकेट अथॉरिटी, थोडक्यात सीए. (आपल्याकडे सीए म्हटलं की चार्टर्ड अकाउंटंट आठवतो, पण इथे तो नाही!)

लेट्स एन्क्रिप्ट, डिजिसर्ट, गुगल ट्रस्ट सर्व्हिसेस हे सार्वजनिक सीए. त्यांच्यावर विश्वास ठेवायला फोन कंपनीने फोनला आधीच शिकवलेलं असतं. खासगी सीए म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेला सीए. कंपनीचं वायफाय, ऑफिसचा व्हीपीएन, कॉलेजच्या लॅबमधले सर्व्हर, घरचा रास्पबेरी पाय अशा आपापल्या कुंपणातल्या गोष्टींसाठी तो वापरतात. ओपनएसएसएल असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर तो दहा मिनिटांत तयार होतो, पैसेही लागत नाहीत. आणि दहा मिनिटांत होतो म्हणूनच त्याचं रजिस्टर ठेवायचं राहून जातं.

सिरीयल नंबर म्हणजे नेमकं काय?

सरकारी कार्यालयातून पत्र बाहेर पडतं तेव्हा त्यावर जावक क्रमांक पडतो आणि तोच क्रमांक जावक नोंदवहीत चढतो. उद्या कोणी ते पत्र घेऊन आलं तर साहेब आधी क्रमांक बघतात, मग वही उघडतात. सर्टिफिकेटचा सिरीयल नंबर म्हणजे सीएचा जावक क्रमांक.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नंबर जगात एकमेव असायची गरज नाही. देणाऱ्याचं नाव आणि नंबर ही जोडी एकमेव असली पाहिजे. आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. त्याआधी नालासोपारा, विरार, वसई आणि नवघर-माणिकपूर अशा चार वेगळ्या नगरपरिषदा होत्या. चारही ठिकाणच्या जन्म-नोंदवहीत १०१ नंबरची नोंद असू शकते आणि त्यात काही गोंधळ नाही, कारण दाखल्यावर नगरपरिषदेचं नावही असतं. पण एकाच नगरपरिषदेने एकाच वर्षी दोन बाळांना १०१ दिला तर? मग शाळेत, पासपोर्टला, सगळीकडे भांडण.

सर्टिफिकेटचे नियम आरएफसी ५२८० या २००८ सालच्या दस्तऐवजात लिहिलेले आहेत. सिरीयल नंबरबद्दल त्यात मुख्य तीन गोष्टी आहेत:

• नंबर धन पूर्णांक हवा. शून्य नको, उणे नको.
• एका सीएने दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटचा नंबर वेगळा हवा.
• नंबर जास्तीत जास्त २० बाइटचा असावा.

हा नंबर सहसा हेक्साडेसिमलमध्ये दाखवतात. त्यामुळे ०९ नंतर १० न येता ०ए येतो. पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो. तो बिघाड नाही.

माझी चूक: सगळ्यांचा नंबर एकच

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नालासोपारा पूर्वेला माझ्या एका मित्राचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ असं सगळं ऑफिसातल्या एका सर्व्हरवर ठेवलेलं. त्याची माणसं दिवसभर क्लायंटकडे फिरणार, तेव्हा फोनवरून फायली दिसायला हव्या होत्या. मी नुकताच इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलो होतो, अंगात उत्साह होता. म्हटलं, पासवर्ड कोणी लक्षात ठेवत नाही, आपण प्रत्येक फोनमध्ये एक सर्टिफिकेट टाकू. ज्या फोनमध्ये आपल्या सीएचं सर्टिफिकेट आहे त्यालाच सर्व्हर दार उघडेल, बाकी कोणालाही नाही.

कल्पना चांगलीच होती. मोठ्या कंपन्याही असंच करतात. मी एका ट्युटोरियलमधली कमांड कॉपी केली आणि ११ फोनसाठी ११ वेळा चालवली. कमांडच्या शेवटी सिरीयल नंबर हाताने दिलेला होता, ०१. तो प्रत्येक वेळी बदलायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळे फोन चालू झाले, मित्राने वडापाव खाऊ घातला, विषय संपला.

मग ३० जुलै उजाडला. दुसऱ्या दिवशी रिटर्न भरायची शेवटची तारीख. सकाळच्या गर्दीत नालासोपारा स्टेशनवर लोकल पकडताना ऑफिसमधल्या एकाचा फोन गेला. मित्राचा मला फोन आला, "अरे, त्याचं ते सर्टिफिकेट काय ते बंद कर पटकन."

मी लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी अडकलोय. सर्टिफिकेट रद्द करायचं म्हणजे त्याचा सिरीयल नंबर रद्द यादीत टाकायचा. नंबर ०१. पण ०१ तर सगळ्यांचाच! चोराचा फोन बंद केला तर बाकीचे १० फोनही बंद, आणि तेही ३० जुलैला. नाही केला तर शे-दीडशे माणसांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट चोराच्या खिशात.

दुसरा एक मार्ग असतो. प्रत्येक सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट वेगळा असतो, त्यावरून सर्व्हरला तेवढंच एक सर्टिफिकेट अडवायला सांगता येतं. पण त्यासाठी त्या सर्टिफिकेटची प्रत आपल्याकडे हवी. मी फोनमध्ये टाकून झाल्यावर सगळ्या फायली पुसून टाकल्या होत्या. सुरक्षेसाठी म्हणे! खरं तर प्रायव्हेट की पुसायची असते. सर्टिफिकेटची प्रत जपूनच ठेवायची असते.

शेवटी सर्व्हर बंद केला, नवीन नावाचा नवीन सीए केला आणि सगळ्यांना ऑफिसला परत बोलावलं. बोरिवली, अंधेरी, दादर, जिथे होते तिथून ते परत आले. रात्री साडेदहापर्यंत एकेक फोन घेऊन बसलो. या वेळी प्रत्येकाचा नंबर वेगळा, आणि तो वहीत लिहिलेला.

चोराने फायली उघडल्या नाहीत, लॉगमध्ये तसं दिसलं. पण ते नशीब होतं, माझं काम नव्हतं.

मोठ्यांचीही हीच गत: जुलै २०१४

तुम्हाला वाटेल ही नवख्याची चूक. पण यादी नीट नसेल तर काय होतं हे आपल्या देशाने फार मोठ्या पातळीवर पाहिलंय.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार भारतात कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, म्हणजे सीसीए, हे सरकारी पद आहे. त्यांच्या रूट सर्टिफिकेटखाली परवानाधारक सीए काम करतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसीचा सीए, हा त्यातलाच एक होता. २ जुलै २०१४ ला गुगलला दिसलं की एनआयसीच्या या सीएखालून गुगलच्या डोमेनची सर्टिफिकेटं बाहेर पडली आहेत, आणि गुगलने ती मागितलेलीच नव्हती. असं सर्टिफिकेट ज्याच्या हातात आहे तो मध्ये बसून खोटं जीमेल दाखवू शकतो आणि ब्राउझर हूं की चूं करणार नाही.

गुगलने क्रोममध्ये ती सर्टिफिकेटं अडवली. ३ जुलैला सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेटंच रद्द केली. म्हणजे त्यांच्याखालची चांगली सर्टिफिकेटंही बुडाली. पुढे चौकशीतून सांगण्यात आलं की चारच सर्टिफिकेटं चुकीची गेली, पहिलं २५ जूनला. तीन गुगलच्या डोमेनची, एक याहूच्या. पण गुगलकडे अशीही चुकीची सर्टिफिकेटं होती जी या चारमध्ये नव्हतीच! म्हणजे एकूण किती बाहेर गेली हे सांगता येईल अशी यादीच हातात नव्हती.

मग गुगलने ठरवलं की क्रोममध्ये भारताचं हे रूट फक्त सात डोमेनपुरतं चालेल. गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन, रिझर्व्ह बँकेचं आणि आणखी तीन. नंबरानिशी यादी मिळाली असती तर चार-सहा नंबर अडवून भागलं असतं. यादीवर भरवसा उरला नाही म्हणून सगळ्या देशाच्या रूटला कुंपण पडलं.

हे रूट तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या विश्वासाच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरच्या लोकांना धोका होता. फायरफॉक्सची स्वतःची यादी असते, तिच्यात ते नव्हतं. अँड्रॉइड आणि आयफोनवरही धोका नव्हता.

याआधी २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सीएमध्ये हॅकर घुसले होते. तिथे ५०० हून जास्त खोटी सर्टिफिकेटं निघाली आणि काही सिरीयल नंबर तर असे सापडले की त्यांचं सर्टिफिकेट कोणतं हेच कळेना. शेवटी त्यांच्या तपासणी सर्व्हरला उलटा नियम लावावा लागला: जो नंबर आपल्या नोंदीत नाही तो रद्दच समजा. त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

नंबर ओळीने द्यायचे की रँडम?

आता मुद्द्याचा प्रश्न. ०१, ०२, ०३ असे ओळीने दिले तर काय बिघडलं? ते वेगळेच तर आहेत.

वेगळे आहेत, पण ओळखता येतात. २००८ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी हे करूनच दाखवलं. तेव्हा रॅपिडएसएसएल हा सीए सहीसाठी एमडी५ ही कमकुवत पद्धत वापरायचा आणि सिरीयल नंबर ओळीने द्यायचा. संशोधकांनी काही दिवसांनंतर कोणता नंबर येणार याचा अंदाज बांधला. सुमारे २०० प्लेस्टेशन ३ जोडून त्या नंबरला जुळेल अशी दोन सर्टिफिकेटं तयार केली, एक साधं आणि एक लबाड, पण दोघांवर एकच सही बसेल अशी. साध्यावर सीएची सही घेतली आणि ती उचलून लबाडावर लावली. हातात आला चक्क एक बनावट सीए. नंबर आधी ओळखता आला नसता तर हा डाव जमला नसता.

म्हणून सार्वजनिक सीएंसाठी सप्टेंबर २०१६ च्या अखेरीपासून नियम झाला की सिरीयल नंबरमध्ये किमान ६४ बिट खऱ्या रँडम स्रोतातून आलेले हवेत. ६४ बिट म्हणजे १८ च्या पुढे १८ अंक, एवढे वेगवेगळे नंबर.

यातही एक किस्सा झाला. नंबर धन असायला हवा म्हणून त्याचा पहिला बिट शून्य ठेवावा लागतो. ईजेबीसीए नावाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बऱ्याच सीएंनी नंबर बरोबर ८ बाइटचा ठेवला होता. ६४ मधला एक बिट धन चिन्हात गेला, रँडम उरले ६३. २०१९ मध्ये हे उघडकीला आलं आणि ॲपल, गुगल, गोडॅडी अशा मोठ्या मंडळींना लाखो सर्टिफिकेटं बदलावी लागली. फक्त एका बिटासाठी! धोका जवळजवळ नव्हता, पण नियम तो नियम.

तुमच्या खासगी सीएला हा नियम लागू नाही. तरी रँडमच वापरा, कारण त्याचा तुम्हाला दुसराच मोठा फायदा आहे. ओळीने नंबर द्यायचे तर "शेवटचा कोणता दिला" हे कुठेतरी लक्षात ठेवावं लागतं, आणि ते विसरलं की नंबर पुन्हा येतो. लांब रँडम नंबरला मागचं काही आठवावं लागत नाही.

मात्र रँडम म्हणजे लांब रँडम. वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तसंच चार अंकी हेक्स नंबर, म्हणजे ६५,५३६ पर्याय घेतले तर ३०० सर्टिफिकेटांतच नंबर जुळण्याची शक्यता निम्म्यावर येते. ६४ बिटला १० हजार सर्टिफिकेटं दिली तरी ही शक्यता विसरून जावी इतकी कमी आहे.

ओपनएसएसएलमध्ये कसं करायचं?

ओपनएसएसएलमध्ये नंबर द्यायचे तीन रस्ते आहेत.

१. हाताने नंबर देणे. "सेट सिरीयल" हा पर्याय. शिकताना ठीक, पण कामाच्या ठिकाणी वापरू नका. मी याच रस्त्याने पडलो.

२. एसआरएल फाइल. "सीए क्रिएट सिरीयल" हा पर्याय दिला की पहिल्या वेळी एक रँडम नंबर तयार होऊन छोट्या फाइलमध्ये बसतो आणि पुढच्या प्रत्येक सर्टिफिकेटला त्यात एक मिळवला जातो. नंबर वेगळे येतात, पण कोणता नंबर कोणाला दिला याची नोंद कुठेच राहत नाही. ती तुम्ही ठेवायची.

३. "सीए" ही पूर्ण कमांड. यात सिरीयल नावाची फाइल पुढचा नंबर ठेवते आणि इंडेक्स नावाची टेक्स्ट फाइल नोंदवही ठेवते. नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत स्थिती, मुदत संपायची तारीख, रद्द केल्याची तारीख, सिरीयल नंबर, फाइलचं नाव आणि कोणाला दिलं ते असतं. स्थितीत व्ही म्हणजे चालू, आर म्हणजे रद्द, ई म्हणजे मुदत संपलेलं. आधी दिलेला नंबर पुन्हा आला तर ही कमांड अडते आणि सही करत नाही. यात "रँड सिरीयल" चालू केलं की १५९ बिटचा रँडम नंबर मिळतो.

खासगी सीएसाठी तिसरा रस्ता, रँड सिरीयल चालू करून, हा सरळ आणि पुरेसा आहे.

ओपनएसएसएलची कटकट नको असेल तर ईझी-आरएसए, स्टेप-सीए अशी साधनं रँडम नंबर आपोआप देतात. एमकेसर्टही देतं, पण ते फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर वेबसाइट तपासण्यासाठी आहे. त्यात नोंदवही नाही आणि रद्द करायची सोय नाही. ते ऑफिससाठी वापरू नका.

एकच नंबर दोनदा कसा येतो?

हे चार प्रकार सगळ्यात जास्त दिसतात:

• फोल्डर उडवून पुन्हा सुरुवात. काहीतरी बिघडलं म्हणून सीएचं फोल्डर डिलीट केलं आणि त्याच नावाने नवीन सीए केला. नंबर पुन्हा ०१ पासून. देणाऱ्याचं नाव तेच, नंबर तोच, सर्टिफिकेट मात्र वेगळं. नवीन सीए केला तर नावही नवीन द्या. नावात साल घातलं तरी पुरतं.

• दोन लॅपटॉप, एक सीए. तुमच्याकडे एक प्रत, सहकाऱ्याकडे दुसरी. दोघंही आपापला पुढचा नंबर देत बसतात. सीए एकाच ठिकाणी ठेवा.

• जुना बॅकअप. मशीन बिघडलं, महिन्यापूर्वीचा बॅकअप परत घातला. सिरीयल फाइल महिनाभर मागे गेली आणि मधले नंबर पुन्हा वाटले जातात. रँडम नंबर असतील तर ही भीती राहत नाही, पण नोंदवहीतल्या मधल्या ओळी तरी गेल्याच. म्हणून प्रत्येक सहीनंतर नोंदवहीचा बॅकअप.

• रूटचा स्वतःचा नंबर. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रूट सर्टिफिकेट सीएने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, म्हणजे त्याचा नंबरही त्याच वहीतला. रूटला ०१ दिला आणि पहिल्या सर्व्हरलाही ०१, की टक्कर झालीच.

एकाच सीएची एकाच नंबराची दोन वेगळी सर्टिफिकेटं दिसली की फायरफॉक्स सरळ साइट उघडायला नकार देतो. संदेशात "रीयूज्ड इश्युअर अँड सिरीयल" असं असतं. हा संदेश आला तर इंटरनेट, वायफाय तपासत बसू नका. वरच्या चारपैकी काय झालं ते शोधा.

रद्द करायची वेळ आली तर

फोन हरवला, माणूस नोकरी सोडून गेला, प्रायव्हेट की चुकून कोणाला मेल झाली. अशा वेळी क्रम असा:

१. नोंदवहीत नाव शोधा, सिरीयल नंबर घ्या.
२. तो नंबर रद्द झाल्याची नोंद करा.
३. नवीन रद्द यादी तयार करा. हिला सीआरएल म्हणतात. तिच्यात नावं नसतात, फक्त नंबर आणि तारखा असतात, आणि हवं तर कारण.
४. ती यादी सर्व्हरवर टाका आणि सर्व्हरला पुन्हा वाचायला लावा. एनजिनएक्ससारखा सर्व्हर रीलोड केल्याशिवाय नवीन यादी बघत नाही.
५. स्वतः तपासा. रद्द केलेल्या सर्टिफिकेटने आत जाता येत नाही, आणि बाकीच्यांना येतं, दोन्ही बघा.

रद्द यादीलाही मुदत असते. ओपनएसएसएलच्या नमुना सेटिंगमध्ये ती ३० दिवसांची आहे. मुदत संपलेली यादी सर्व्हरवर राहिली तर एनजिनएक्स सगळ्यांनाच बाहेर ठेवतो. म्हणून महिन्यातून एकदा, काही रद्द केलेलं नसलं तरी, यादी नव्याने काढा.

आणि हे सगळं चोरी व्हायच्या आधी एकदा करून बघा. एक खोटं सर्टिफिकेट काढा आणि रद्द करा. इमारतीत आगीचा सराव करतात तसंच.

आपल्या फोनमध्ये नंबर कुठे दिसतो?

अँड्रॉइडवर क्रोममध्ये साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टॅप करा, "कनेक्शन सुरक्षित आहे" वर जा आणि सर्टिफिकेटची माहिती उघडा. तिथे सिरीयल नंबर दिसेल. फोनमध्ये कोणी खासगी सीए टाकलाय का हे बघायला सेटिंग्जमध्ये "विश्वसनीय क्रेडेन्शियल" शोधा आणि त्यातला वापरकर्त्याचा टॅब उघडा. तो रिकामा असेल तर उत्तम. तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसने न टाकलेलं काही तिथे दिसलं तर काढून टाका. फुकट वायफायसाठी किंवा एखाद्या ॲपसाठी "हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा" असं कोणी सांगितलं तर करू नका. तो तुमच्या फोनसाठी नवीन सीए असू शकतो, आणि त्याच्या नावावर कोणतीही खोटी साइट खरी दिसू शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सर्टिफिकेट रिन्यू केलं की नंबर तोच राहतो का?
नाही. रिन्यू म्हणजे नवीन सर्टिफिकेट, म्हणून नवीन नंबर.

मुदत संपलेल्या सर्टिफिकेटचा नंबर पुन्हा वापरू का?
नको. नंबर इतके आहेत की कंजुषी करायचं कारणच नाही. जुन्या लॉगमध्ये तो नंबर दिसला तर तो कोणाचा हे पुढेही कळलं पाहिजे.

लक्षात राहावा म्हणून माणसाचा मोबाइल नंबरच सिरीयल म्हणून देऊ?
अजिबात नको. टीएलएस १.२ मध्ये फोनचं सर्टिफिकेट उघड्यावर जातं, वाटेत कोणीही वाचू शकतो. शिवाय त्याच माणसाला दुसरं सर्टिफिकेट द्यायचं झालं की पुन्हा तोच नंबर येणार.

माझ्या खासगी सीएची सही सरकारी कागदाला चालेल का?
नाही. कायद्याने चालणारी डिजिटल सही हवी तर सीसीएच्या परवानाधारक सीएचं सर्टिफिकेट लागतं. ई-आधारच्या पीडीएफवरची सही अशीच असते.

आमची फक्त पाच सर्टिफिकेटं आहेत. एवढं सगळं करायचं?
पाचच असतील तर काम पाच मिनिटांचं आहे. माझ्याकडे अकराच होती.

थोडक्यात

• प्रत्येक सर्टिफिकेटला वेगळा, लांब, रँडम नंबर.
• प्रत्येक नंबरापुढे नाव, फोन किंवा सर्व्हर, तारीख.
• सर्टिफिकेटची प्रत जपा. सीएची प्रायव्हेट की वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी.
• नवीन सीए, नवीन नाव.
• रद्द करायचा सराव आधीच.

मित्राच्या ऑफिसात आता सर्व्हरवर नोंदवही आहेच. पण त्याने माझ्यावर विसंबून न राहता कपाटात एक शंभर पानी वहीही ठेवलीय. त्यात प्रत्येक फोनपुढे माणसाचं नाव आणि नंबराचे शेवटचे आठ अंक. गेल्या पावसाळ्यात पुन्हा एक फोन गेला, या वेळी विरारला. त्याने मला फोन केला आणि नाव सांगायच्या आधी आठ अंक सांगितले. चहा थंड व्हायच्या आत काम झालं, आणि बाकीच्यांना कळलंही नाही.

तुमच्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये खासगी सीए असेल तर आज एकदा विचारून बघा, "नोंदवही कुठे आहे?" उत्तर लगेच आलं नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.